वाळीत टाकलेलं पोर कलाकार होतं का?

नाशिकच्या एका आईने विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगा अकरावीत आहे, चित्रं काढतो, पुढे ॲनिमेशन शिकायचं म्हणतो. दिवाळीनंतर कॉलेजमधल्या त्याच्या टोळक्याने त्याला टाळायला सुरुवात केली. व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, एकांकिकेच्या तालमीला बोलावणं बंद केलं. तेव्हापासून तो खोलीचं दार लावून तासन्‌तास चित्रं काढत बसतो. वडील निर्धास्त आहेत. त्यांचं म्हणणं, कलावंत एकटेच असतात, तुकोबांना तरी गावाने कुठे सुखाने जगू दिलं, आणि आता तर अमेरिकेत सिद्धच झालंय की नाकारलेल्या माणसांना जास्त सुचतं. आईचा जीव मात्र थाऱ्यावर नाही. तिचे प्रश्न दोन: हे खरं आहे का? आणि त्या मुलांच्या आयांना फोन करून 'याला परत घ्या' असं सांगू का?

ताई, मी पुण्यात या वयाच्या मुलांचं समुपदेशन करते. चित्रकला, नाटक, गाणं यांच्या नादाला लागलेली पोरं माझ्याकडे जास्त येतात, त्यामुळे तुमच्या घरातला हा वाद मला चांगला ओळखीचा आहे. यजमानांनी वाचलंय ते खोटं नाही. फक्त त्यातलं निम्मं वाक्य गळलंय, आणि नेमकं तेच तुमच्या मुलाच्या कामाचं आहे.

तो अभ्यास शॅरन किम, लिन व्हिन्सेंट आणि जॅक गोन्सालो या तिघांचा, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी विद्यार्थ्यांकडून आधी एक प्रश्नावली भरून घेतली. तुम्हाला चारचौघांपेक्षा वेगळं असावंसं किती वाटतं, असा तिचा रोख. नंतर प्रयोगाच्या दिवशी काहींना सांगितलं, एवढी कामं उरका, मग तुम्हाला गटात घेऊ. बाकीच्यांना सांगितलं, गट ठरले, तुम्हाला कुणी निवडलं नाही, तुम्ही एकट्यानेच करा. त्यानंतर सगळ्यांना शब्दांची कोडी दिली: तीन शब्द द्यायचे आणि तिघांना जोडणारा चौथा शोधायचा. मराठीत घालायचं तर कपडे, कान, मिशा. उत्तर, पिळणे. सरळ रेषेत विचार करणारा माणूस कपड्यांपाशीच घोटाळत राहतो.

ज्यांना मुळातच वेगळं असणं आवडत होतं, त्यांनी नाकारलं गेल्यावर ही कोडी जास्त सोडवली. बाकीच्यांना नकाराचा असा काही फायदा झाला नाही. पुढच्या प्रयोगात वेगळेपणाची भावना त्यांनी तेवढ्यापुरती मुद्दाम जागवली. काहींना उतारा देऊन त्यातल्या 'मी', 'माझं' या शब्दांभोवती गोल करायला सांगितले, काहींना 'आपण', 'आपलं' या शब्दांभोवती. एवढ्याशा गोष्टीनेही फरक पडला. 'मी'ला गोल करणाऱ्यांना नकार मानवला. तिसऱ्या प्रयोगात परग्रहावरचा प्राणी काढायला सांगितला. आपण काढायला बसलो की बहुतेक जण दोन डोळे, चार पाय, डावी-उजवी बाजू सारखी असा कुत्र्या-माकडाचा चुलतभाऊच काढतो. स्वतःला स्वतंत्र समजणाऱ्या आणि नाकारल्या गेलेल्या लोकांचे प्राणी पृथ्वीवरच्या प्राण्यांपासून जास्त लांब गेले होते.

म्हणजे गळलेलं निम्मं वाक्य हे: नकाराने कुणी कल्पक होत नाही. 'मी असाच आहे आणि मला असंच राहायचंय' असं ज्याने आधीच मनाशी ठरवलंय, त्याच्या मागचा चारचौघांत बसण्याचा खटाटोप नकारामुळे सुटतो आणि तेवढं डोकं दुसरीकडे लागतं. ज्याला मनापासून त्या टोळक्यात असायचं होतं, त्याच्या पदरी नुसताच नकार पडतो.

एक गोष्ट मी माझ्याकडून जोडते. हा नकार प्रयोगशाळेतला होता, अनोळखी लोकांचा, काही मिनिटांचा. संपल्यावर खरं काय ते सांगून मुलांना घरी पाठवतात. तुमच्या मुलाला रोज सकाळी त्याच वर्गात जाऊन बसायचंय. शिवाय तीन शब्दांचं कोडं सुटणं वेगळं आणि वर्षभर एका चित्रमालिकेवर चिकाटीने बसणं वेगळं.

आता दुसरी बाजू, जी वर्तमानपत्रांच्या मथळ्यात येत नाही. रॉय बाऊमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना त्यांच्या व्यक्तिमत्त्व चाचणीचा खोटाच निष्कर्ष सांगितला, की पुढच्या आयुष्यात तुम्ही एकटे पडणार. आणखी काहींना सांगितलं, तुम्हाला अपघात फार होणार. वाईट भाकीत दोघांनाही, पण बुद्धीच्या चाचणीत घसरले ते एकटेपणाचं भाकीत ऐकलेले. पाठ केलेलं त्यांना नीट आठवत होतं. जिथे तर्क लावायचा, विचार पुढे न्यायचा, तिथे गाडी अडत होती. अकरावी-बारावीच्या मुलाच्या बाबतीत हे मुद्दाम लक्षात ठेवा. मार्क घसरले की आपण मोबाइलला शिव्या घालून मोकळे होतो.

आणि जो स्वतंत्र वृत्तीचा असतो त्याला लागतच नाही, हाही एक गोड गैरसमज आहे. किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले असताना एक फ्रिस्बी त्यांच्यापाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, मग खेळणाऱ्या दोघा अनोळखी माणसांनी त्यांना थोडा वेळ खेळात घेतलं आणि मग काही न बोलता त्यांच्याकडे फेकणं बंद केलं. एवढ्याशा गोष्टीचं आपल्याला इतकं का लागलं, या कुतूहलातून त्यांनी पुढे संगणकावरचा चेंडूचा खेळ तयार केला. पडद्यावर तीन खेळाडू, एक तुम्ही. थोड्या वेळाने बाकीचे दोघे तुमच्याकडे चेंडू टाकायचे थांबतात. समोर माणसं नसून यंत्र खेळतंय हे माहीत असलं तरी लागतं. अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्या कू क्लक्स क्लानसारख्या, ज्यांची शिसारी यावी अशा संघटनेच्या लोकांनी खेळात घेतलं नाही असं सांगितलं, तरीही लागतं. पहिला फटका सगळ्यांनाच सारखा बसतो. माणसामाणसांतला फरक दिसतो तो त्यानंतर, सावरताना. म्हणून तुमचा मुलगा 'मला काही फरक पडत नाही' म्हणत असेल, तर ते त्याच्या मानाचं बोलणं आहे. खोडून काढू नका, आणि खरंही मानू नका.

मोडुपे अकिनोला आणि वेंडी मेंडिस यांचा २००८ चा अभ्यास तर मला या सगळ्यात जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यात किंमतही दिसते. लोकांना परीक्षकांसमोर भाषण करायला लावलं. काहींपुढे परीक्षक हसून माना डोलवत होते, काहींपुढे कपाळाला आठ्या घालून नकारार्थी मान हलवत होते. नंतर सगळ्यांना कोलाज करायला दिलं आणि ती कोलाजं चित्रकारांकडून तपासून घेतली. नाकारल्या गेलेल्यांची कोलाजं सरस ठरली, आणि त्यातही सर्वांत सरस ठरली ती ज्यांच्या शरीरात एका विशिष्ट संप्रेरकाचं प्रमाण मुळात कमी होतं त्यांची. हे संप्रेरक कमी असण्याचा संबंध नैराश्याशी जोडला जातो. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त झोंबलं त्यांनी उत्तम कोलाज केलं. यजमानांना हा अभ्यास जरूर सांगा आणि मग विचारा, कोलाज तर छान झालं, त्या माणसाचं काय?

तुकोबांचं उदाहरण त्यांनी दिलंय, तर तेही नीट बघू या. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याच परंपरेत चौदा टाळकरी आहेत. संताजी जगनाडे आहेत, ज्यांनी अभंग लिहून ठेवले. आणि ज्या रामेश्वर भटांनी विरोध केला तेच पुढे शिष्य झाल्याची कथाही आहे. गावातल्या मातब्बरांनी दूर लोटलं हे खरं. पण संध्याकाळी कीर्तनाला उभं राहिलं की मागे धरणारे, साथ देणारे होते. एकट्याने अभंग लिहिता येईल, टाळ एकट्याने वाजवून कीर्तन होत नाही.

जवळच्या काळातलं बघायचं तर साठोत्तरीची लघुअनियतकालिकं घ्या. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, भालचंद्र नेमाडे, राजा ढाले ही मंडळी प्रस्थापित मासिकांच्या चौकटीत बसत नव्हती, आणि खरं तर त्यांना बसायचंही नव्हतं. कुणी कुणाला नाकारलं हा प्रश्न तिथे दोन्ही बाजूंनी सोडवता येतो. ढाले यांनी तर 'सत्यकथा' या मातब्बर वाङ्मयीन मासिकाच्या अंकाची होळीच केली. पण त्यांनी काय उभं केलं ते पाहा: 'शब्द', 'असो', 'वाचा', 'येरू' असे पदरमोड करून काढलेले अंक, आणि ते अंक एकमेकांना वाचून दाखवणारी, एकमेकांची सालं काढणारी माणसं. कोलटकर काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये वर्षानुवर्षं मित्रांबरोबर बसत. त्यांची पुस्तकं छापली ती शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने. आणि हेही विसरू नका की कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक होते. कवी म्हणून प्रवाहाबाहेर, पण पोटाची आणि धंद्यातल्या मानाची सोय दुसरीकडे लागलेली. हा स्वतंत्रपणा हवेतून येत नाही. कुठेतरी पाय टेकलेला असला की माणूस बाकी जगाला 'गेलात उडत' म्हणू शकतो.

इथे थोडं विषयांतर, पण ते केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 'नकारातून कला येते' म्हणताना आपण नामदेव ढसाळांचं नाव घेतो. कामाठीपुऱ्यातलं बालपण, टॅक्सी चालवणं, १९७२ साली 'गोलपिठा', त्याच वर्षी दलित पँथर. सगळं खरं. पण त्याच वस्त्यांतली, त्याच शाळांतल्या मागच्या बाकांवरची जी असंख्य मुलं गप्प झाली, त्यांची पुस्तकं निघाली नाहीत म्हणून ती आपल्या हिशेबात येत नाहीत. ज्या राज्याला लोकांना वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तिथे बहिष्काराचे कलात्मक फायदे मोजणं मला बरं दिसत नाही. ढसाळ लिहू शकले ते त्या वागणुकीला पुरून उरून. श्रेय त्यांचं आहे, वागणुकीचं नाही.

बरं, तुमच्या मुलाकडे येते.

मला सगळ्यात आधी जाणून घ्यायचं असतं ते हे की टोळकं सुटायच्या आधी हा मुलगा कसा होता. घरात त्याला एककल्ली, घुम्या म्हणायचे का? लग्नाकार्यात सगळी भावंडं अंताक्षरी खेळत असताना हा मांडवाच्या कोपऱ्यात कागदावर केटरिंगवाल्यांची चित्रं काढत बसायचा, आणि तिथे खूश असायचा? की हा सगळ्यांच्या मध्ये असायचा, नकला करायचा, आणि आता अचानक दार लागलंय? पहिल्या प्रकारातल्या मुलाला नकार पचवायला मूळचीच जागा असते. दुसऱ्याच्या बाबतीत बंद दारामागची चित्रं हा आनंद नसून आसरा असण्याची शक्यता जास्त. आसराही वाईट नाही, पण त्याला प्रतिभा समजून टाळ्या वाजवू नयेत.

दुसरं, वही. त्याने आपणहून दाखवली तरच बघा, चोरून अजिबात नको. माझ्याकडे एक मुलगी यायची, तिला अशीच एका नाटकाच्या ग्रुपमधून वगळलं होतं. सुरुवातीची तिची वही म्हणजे पानामागून पान तेच पाच चेहरे. ओठ शिवलेले, डोळे खोडलेले, बॉलपेनने इतकं गिरवलेलं की पुढच्या पानावर वळ उठलेले. ती चित्रं ताकदीची होती. तिच्या मावशीने त्यांचे फोटो काढून 'आमची आर्टिस्ट' म्हणून स्टेटसला ठेवले होते. मला मात्र त्या वहीत अजून ते पाचच जण नांदताना दिसत होते, तिला तिच्याच वहीत जागा नव्हती. काही आठवड्यांनी एका पानाच्या कोपऱ्यात रिक्षाच्या मीटरचं चित्र आलं. नुसतं मीटर, त्याखाली लोंबणारी लिंबू-मिरची आणि दोऱ्याची गाठ, अगदी निगुतीने काढलेली. मी विचारलं हे कुठून आलं, तर म्हणाली, सिग्नलला थांबलो होतो, गाठ मजेशीर होती. त्या दिवशी मला हायसं वाटलं. तिची नजर त्या पाच जणांवरून उठून जगाकडे गेली होती. पुढे महिना-दोन महिने तिने गाठीच काढल्या: गोणीच्या, नाडीच्या, गजऱ्याच्या, मांडवाच्या सुतळीच्या. किम वगैरे मंडळी ज्याला वेगळं होण्याची वृत्ती म्हणतात ती मला त्या गाठींत दिसली, खोडलेल्या डोळ्यांत नव्हे. रागाच्या चित्रांना बंदी घालू नका, ती निघून गेलेली बरी. पण सहा महिन्यांनंतरही वहीत तेच चेहरे असतील तर मदत घ्या.

तिसरं, त्याच्या बाजूला कोण आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये डोनाल्ड मॅकिनन यांनी त्या काळातल्या नामांकित ४० वास्तुरचनाकारांना बोलावून त्यांचा अभ्यास केला. त्यात ईरो सारिनेन, फिलिप जॉन्सन अशी माणसं होती. गटात सामावून घेतलं जावं याची यांना फारशी हौस नव्हती, इथवर तुमच्या यजमानांच्या बाजूने. बऱ्याच जणांचं बालपण गावं बदलण्यात आणि एकटेपणात गेलं होतं, हेही त्यांच्या बाजूने. पण आईवडिलांबद्दल विचारल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली: मुलाबद्दल विलक्षण आदर, आणि हा नीट काय ते करेल असा विश्वास. लहान वयातच स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायची मोकळीक. बाहेर एकटं असलेलं हे पोर घरात एकटं नव्हतं.

आपल्याकडे याची गल्लत होते. आपण मुलाला एकटं सोडतो आणि त्याला स्वातंत्र्य दिलं असं म्हणतो, किंवा त्याच्या मागे मागे करतो आणि त्याला आधार दिला असं म्हणतो. मॅकिनन यांच्या त्या आईवडिलांनी या दोन्हींतलं काही केलं नव्हतं. त्याला काय काढायचं, कॉलेजच्या गॅदरिंगला जायचं की नाही, केस किती वाढवायचे, हे त्याचं त्याला ठरवू द्या. पण रात्रीचं जेवण सगळ्यांबरोबर, आणि जेवताना टोळक्याचा विषय तुम्ही काढायचा नाही. त्याने काढला तर ऐकायचं. 'तूच काहीतरी बोलला असशील' हे वाक्य तोंडावर आलं तरी गिळायचं.

आणि त्याला दुसरं वर्तुळ लागेल. मोठं नको, दोन-तीन माणसं पुरतात, आणि ती त्याच्याच वयाची असली पाहिजेत असंही नाही. रविवारी सकाळी गंगेवर, गोदाघाटावर स्केचिंग करायला बसणारी माणसं तुमच्या नाशकातही असतील. एखादा साइनबोर्ड रंगवणारा पेंटर, गणपतीच्या आधी मूर्तीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर, यांच्याजवळ नुसतं बसलं तरी मुलांमध्ये फरक पडलेला मी पाहिलाय. तिथे कुणी त्याला 'तुझा ग्रुप कुठला' विचारत नाही, ब्रश धुतोस का विचारतात. कामाच्या निमित्ताने झालेली ओळख या वयाच्या दुखावलेल्या मुलांना झेपते. 'जा, मित्र कर' म्हणून ढकललेली झेपत नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून लगेच तज्ज्ञाकडे जा: झोप किंवा भूक पार बिघडणं, आंघोळ-कपड्यांची फिकीर सुटणं, हातावर जखमा, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसलो तरी काय फरक पडतो' असं बोलणं. आणि तो चित्रं काढणंच थांबवत असेल तर तीही खूणच. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि आईनेही करायला हरकत नाही.

राहिला फोनचा प्रश्न. त्या आयांना 'याला परत घ्या' म्हणून फोन करू नका. आईच्या सांगण्यावरून घेतलेल्या मुलाला टोळकं कसं वागवतं हे तुम्हाला तुमच्या शाळेतलंही आठवत असेल. पण एक फरक तपासा. त्यांनी नुसतं टाळलंय, की त्रास चालू आहे? त्याचे फोटो बिघडवून फिरवणं, टोपणनावाने हिणवणं, धक्काबुक्की, जातीवरून काही बोलणं यातलं काहीही असेल तर तो मैत्रीचा मामला उरत नाही. मग आयांना मध्ये न घेता थेट प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, स्क्रीनशॉट जपून ठेवा. आणि हे करण्याआधी मुलाला सांगा. त्याच्या पाठीमागे काही करू नका.

नुसतं टाळलं असेल, तर त्याला एकदाच सरळ विचारा: तुला त्यांच्यात परत जायचंय का? तो 'हो' म्हणाला तर त्यातल्या एकाशी, जो बरा आहे त्याच्याशी, त्याने स्वतः बोलायचं. सगळ्या टोळक्याशी नाही आणि मेसेजवर तर नाहीच. 'नाही' म्हणाला तर विषय तिथेच सोडा. यजमानांना सांगा, मुलाला खुशाल कलावंत म्हणा, पण रविवारी सकाळी त्याला स्कूटरवरून गोदाघाटावर सोडायला तुम्हीच जायचंय.